दांतेरी सुरीची धार

विळीच्या टोकाला बसविलेली नारळाची खवणी ज्या घरांत आहे, त्या घराला दांतेरी पात्याची ओळख नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. तरीहि पाव व टोमॅटो कापण्याच्या दांतेरी सुरीला घरच्या घरीं धार लावतां येते, असें म्हटलें कीं सुशिक्षित मंडळीसुद्धां मान हलवितात. बोथट झाली कीं ती टाकावयाची, हा समज आमच्या घरींहि होता.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही अशी एक सुरी दारावर आलेल्या धारवाल्याच्या हवालीं केली. त्यानें ती इतर सुऱ्यांप्रमाणेंच फिरत्या चाकावर धरली, आणि मुलें ठिणग्या पाहण्यांत गुंग असतांनाच निम्मे दांते नाहींसे झाले! दोष त्या बिचाऱ्याचा कितपत आणि न बोलतां सुरी पुढें करणाऱ्या आमचा कितपत, हा वाद घरांत अद्याप मिटलेला नाहीं.

पुढें दुसरी सुरी बोथट झाली, ती मात्र आम्ही तशीच वापरीत राहिलों. एके सकाळीं पावाच्या कडक पाठीवरून ती घसरली आणि वहिनींच्या तर्जनीला खोल जखम झाली. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, व जोर दिलेली सुरी घसरली म्हणजे आवरत नाहीं. त्या दिवशीं आम्ही या पात्याकडे प्रथमच नीट पाहिलें.

दांत्यांचीं टोकें पदार्थांत आधीं रुततात व पाटाचा घासहि तींच सोसतात. दोन दांत्यांमधील वाटोळ्या खांचांतील धार मात्र सुरक्षित राहते. म्हणूनच ही सुरी साध्या सुरीपेक्षां अधिक काळ टिकते. बहुतेक सुऱ्यांत या खांचा एकाच बाजूनें कोरलेल्या असून दुसरी बाजू सपाट असते. धार लावावयाची ती कोरलेल्या बाजूनेंच, आणि एकेका खांचेंतून.

यासाठीं हिऱ्याच्या भुकटीचा लेप असलेली निमुळती सळई बाजारांत मिळते. ती नसल्यास खांचेंत बेताची बसेल अशी पेन्सिल किंवा विणकामाची सुई घेऊन तिच्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर घट्ट गुंडाळावा. सुरी घडी घातलेल्या फडक्यावर टेकवून, धार आपल्यापासून दूर ठेवून, मूळ उताराच्याच कोनांत सळई धरावी व पात्याच्या पाठीकडून धारेबाहेर अशी एकाच दिशेनें चार-पांच वेळां हलकेंच फिरवावी. उलट ओढल्यास कागद फाटतो. सपाट बाजूवरून बोट धारेच्या बाहेर नेलें असतां किंचित् खरखर लागली, कीं त्या खांचेचें काम झालें. सर्व खांचा आटोपल्यावर सपाट बाजू बारीक दगडावर अगदीं आडवी ठेवून एक-दोनदां फिरवावी, म्हणजे ती खरखर जाते. मग सुरी धुवून पुसावी. लोखंडाची भुकटी पोटांत जाऊं नये.

करवतीसारख्या अतिबारीक दांत्यांच्या स्वस्त सुऱ्यांना हा उपाय चालत नाहीं. त्यांत सळईच शिरत नाहीं.

आम्हांला पहिल्या खेपेस अर्धा तास लागला. आजींनी पिकलेला टोमॅटो मागवून स्वतः परीक्षा घेतली आणि कांहीं न बोलतां दुसरा मागविला. दांते गेलेली ती पहिली सुरी मात्र आतां साबणाच्या वड्या कापण्यापुरतीच उरली आहे.