केसपेपरवर राहून गेलेलं निदान

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्याच्या चार मनोरुग्णालयांत ते सर्वांत लहान, ३६५ खाटांचं. कोकणातल्या अनेक घरांत तिथला एखादा जुना कागद जपून ठेवलेला असतो. त्यावरचं निदान चुकलेलं असेल तर काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

मनोविकाराचं निदान रक्त तपासून ठरत नाही. नातेवाइकांनी सांगितलेली हकीकत, रुग्णाशी झालेलं बोलणं आणि त्या दिवशी दिसलेलं वागणं, यांवर ते उभं असतं. लेप्टोस्पायरोसिसच्या तापातला वात, थायरॉईडचा बिघाड, बी-१२ची कमतरता, मेंदूचा दाह, फिट्सचा एखादा प्रकार, स्टिरॉइडच्या गोळ्या, बाळंतपणानंतरचा आजार, यांतलं काहीही पहिल्या भेटीत स्किझोफ्रेनियासारखं दिसू शकतं. शिमग्यात पालखीपुढे अंगात येणं तर, आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाप्रमाणे, समाजमान्य प्रथेचा भाग असेल तोवर आजारच नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टर तात्पुरतं निदान लिहितात, पुढे प्रश्नचिन्ह टाकतात. त्यात गैर काही नाही. गैर पुढे घडतं. दुसऱ्या दवाखान्यात तोच कागद पाहून ‘नोन केस ऑफ स्किझोफ्रेनिया’ असं उतरवलं जातं, प्रश्नचिन्ह गळतं, आणि तिसऱ्या डॉक्टरला ते सिद्ध झालेलं वाटतं. मग छातीत दुखतंय म्हणून गेलं तरी ‘मनाचंच असेल’ म्हणून ईसीजी लांबणीवर पडतो. मला हा अन्याय सगळ्यांत मोठा वाटतो, कारण तो करणाऱ्याला आपण काही केलं हेही कळत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम ३ सांगतं की पूर्वी उपचार झाले होते एवढ्यावरूनच आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम २५ प्रमाणे स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. दाखल झालेला असाल तर लेखी अर्ज द्या. नियमांप्रमाणे १५ दिवसांत प्रत मिळायला हवी. गंभीर अपाय होईल असं वाटल्यास डॉक्टर काही मजकूर राखून ठेवू शकतात, पण मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हेही त्यांनी सांगायचं असतं. उशीर मात्र करू नका. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांत आंतररुग्णांच्या नोंदी तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे.

कागद हाती आले की दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे जा. सोबत तारीखवार टिपण न्या: त्रास कधी सुरू झाला, तेव्हा ताप होता का, कोणती औषधं चालू होती, औषधांविना किती काळ बरं होतं. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. एकदम थांबवल्यावर झोप उडते, अस्वस्थता वाढते, आणि जुनं निदान बरोबरच होतं असा समज होतो.

जुनी नोंद खोडून मिळावी हा हट्ट मात्र सोडावा. वैद्यकीय नोंद पुरावा असते, तीत खाडाखोड चालत नाही. मागायची ती नवी नोंद: आधीचं निदान काय होतं, आजच्या तपासणीत ते का टिकत नाही, आता निदान काय आहे. त्याखाली तारीख, सही, नोंदणी क्रमांक. ती जुन्या फाइलला जोडण्यासाठी अर्ज करा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर आधी तिथला प्रमुख वैद्यकीय अधिकारी, मग मंडळ, मग राज्य प्राधिकरण, असा कलम २८चा क्रम आहे.

विम्याच्या अर्जात जुने उपचार लपवू नका, दावा नाकारायला तेच निमित्त होतं. नव्या नोंदीची प्रत जोडा. घटस्फोटाच्या दाव्यात जुना कागद पुढे आला तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८८चा राम नारायण गुप्ता खटला वकिलांना दाखवा. स्किझोफ्रेनिया हे नाव लागलं एवढ्यानं भागत नाही, आजाराची तीव्रता सिद्ध करावी लागते, असं त्यात ठरलं आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आपला नामनिर्देशित प्रतिनिधीही लेखी नेमता येतो. नव्या नोंदीची एक प्रत त्याच्याकडे द्या. पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला तापात बडबडत दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांशी तोच बोलणार आहे.