आपली गाणी, आपले ध्वनिमुद्रण : थोड्या पैशांत प्लगइन कसे निवडावेत?

आपल्या चळवळीचा विचार जितका ग्रंथांतून, तितकाच गाण्यांतून पसरला. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गीते आणि पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांच्या कॅसेटी यांनी बाबासाहेबांचा संदेश वस्तीवस्तीत नेला. त्या काळी ध्वनिमुद्रण करावयाचे म्हणजे शहरातील स्टुडिओ तासाच्या भाड्याने घ्यावा लागे. आज संगणक, ऑडिओ इंटरफेस, मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर घरच्या खोलीत काम होऊ शकते. त्यामुळे आमच्या विद्यार्थी मित्रांचा एक प्रश्न नेहमीचा झाला आहे : "पैसे थोडे आहेत, प्लगइन कोणते घ्यावेत?" त्याचे उत्तर आम्ही येथे देत आहोत.

प्लगइन म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मुख्य सॉफ्टवेअरला जोडावयाचे छोटे सॉफ्टवेअर. पूर्वी आवाजावर संस्कार करण्यासाठी स्टुडिओत लोखंडी पेट्यांची रांग असे. १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी ही पद्धत आणली आणि त्या पेट्यांचे काम संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. आज असे हजारो प्लगइन मिळतात. नवशिक्याची फसगत होते ती येथेच. अधिक प्लगइन म्हणजे अधिक चांगला आवाज, असे त्याला वाटू लागते.

खरे पाहता पहिला खर्च प्लगइनवर करूच नये. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज आदळून परत येतो आणि मुद्रणात मिसळतो. तो नंतर कोणत्याही प्लगइनने पूर्णपणे काढता येत नाही. गायकाच्या मागे व बाजूंना जाड गोधड्या टांगाव्यात, पंखा बंद करावा, मायक्रोफोन तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर ठेवावा. मुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि आवाजाचे टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. यास एक पैसाही लागत नाही.

यानंतर चार साधने पुरेशी होतात.

पहिले इक्वलायझर. हे आवाजातील जाड-बारीक भाग कमी-जास्त करते. गायकाच्या आवाजातील ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की रस्त्यावरची घरघर व मायक्रोफोनला लागलेला धक्का बराच कमी होतो. पेटी आणि पुरुषाचा आवाज एकाच पट्ट्यात येऊन शब्द दबत असतील, तर गायकाचा आवाज वाढविण्याऐवजी पेटीचा तेवढा पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवावा.

दुसरे कॉम्प्रेसर. शाहीर चढ्या सुरात गातो, मध्येच हलक्या आवाजात बोलतो. कॉम्प्रेसर चढलेला आवाज आवरतो. प्रमाण ३:१ ठेवले, तर ठरविलेल्या मर्यादेच्या ३ डेसिबल वर गेलेला आवाज १ डेसिबलच वर जातो. तीन ते सहा डेसिबलपेक्षा अधिक दाब देऊ नये. दिला तर गाण्यातील जोश मरतो.

तिसरे डी-एसर. स, श या अक्षरांची कानाला टोचणारी शिट्टी ते कमी करते.

चौथे रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. आम्ही प्रथम वंदनेचे मुद्रण केले तेव्हा मोठ्या सभागृहाचा भास व्हावा म्हणून घुमारा भरपूर वाढविला. ऐकताना पाली शब्द एकमेकांत मिसळून गेले आणि सारे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो : घुमारा ऐकू येऊ लागला की थोडा मागे घ्यावा. आपल्या गाण्यात शब्द प्रथम आहे.

ही चारही साधने कायदेशीररीत्या विनामूल्य मिळतात. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य असून त्यात इक्वलायझर, कॉम्प्रेसर व रिव्हर्ब आहेतच. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून पाहता येते. त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे साधारण पाच-साडेपाच हजार रुपयांचा आहे आणि ना-नफा संस्थांनाही तो मिळतो. त्याच्यासोबत रीईक्यू, रीकॉम्प इत्यादी प्लगइन येतात. याशिवाय टीडीआर नोव्हा हा इक्वलायझर डी-एसरचेही काम करतो. ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब घुमाऱ्यासाठी चांगला आहे. शेवटी आवाजाची पातळी मोजण्यास यूलीन लाउडनेस मीटरची विनामूल्य आवृत्ती घ्यावी. इंटरनेटवर गाणे चढविताना सरासरी उणे १४ एलयूएफएस आणि टोक उणे १ डेसिबल हे माप धरून चालावे. एवढ्यावर सहा महिने काम करावे. त्यानंतर नेमकी कोणती उणीव भासते ते वहीत लिहावे आणि मगच वर्गणीच्या पैशाला हात लावावा. विकत घेण्यापूर्वी चाचणी आवृत्ती आपल्याच गाण्यावर लावून पाहावी. वर्षाअखेरच्या सवलतींत पुष्कळ प्लगइन निम्म्या किमतीत मिळतात.

काही मित्र म्हणतात, "महागडे प्लगइन पेनड्राइव्हवर फुकट मिळतात, मग विचार कशाला?" अशा चोरीच्या प्रतींबरोबर व्हायरस येतो आणि साठविलेली गाणी नष्ट होऊ शकतात, हा झाला व्यवहार. परंतु आपण पंचशील ग्रहण करतो. जे दिलेले नाही ते न घेण्याची प्रतिज्ञा त्यातील दुसऱ्या शीलात आहे. आपल्या कवीचे गाणे कोणी नाव न छापता, मानधन न देता विकले तर आपणास दुःख होते. सॉफ्टवेअर लिहिणाराही आपल्या श्रमावरच जगतो. विनामूल्य साधने हाताशी असताना चोरीला सबबही उरत नाही.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. आपल्या वस्तीतील वृद्ध मातांना बाबासाहेबांवरच्या कितीतरी ओव्या व गाणी तोंडपाठ आहेत. ती कोठेही छापलेली नाहीत. एकेक माता निघून जाते आणि तिच्याबरोबर तिची गाणीही जातात. त्यांचे मुद्रण करण्यास उत्तम प्लगइनची वाट पाहू नये. मूळ मुद्रण कोणताही परिणाम न लावता वेव्ह फाइलमध्ये दोन ठिकाणी जपून ठेवावे, सोबत गाणारीचे नाव, गाव व तारीख लिहावी. प्लगइनचे संस्कार त्याच्या प्रतीवरच करावेत. पुढे चांगली साधने येतील, तेव्हा तेच मूळ मुद्रण पुन्हा उजळता येईल. परंतु जो आवाज मुद्रितच झाला नाही, तो कोणत्याही प्लगइनने परत येणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!