होन, मोहोर व पुतळी : ऑनलाइन विकत घ्यावयाच्या नाण्यांची परीक्षा

नाणें हें इतिहासाचें अस्सल साधन होय असें आपण म्हणतों. परंतु तें स्वतः अस्सल असेल तरच. एखादी सनद पुढें आली म्हणजे तिचा कागद, शाई, अक्षरवटिका, शिक्का, मिति आणि ती कोणाच्या दप्तरांतून निघाली हें पाहिल्यावांचून कोणीही जाणता संशोधक ती छापीत नाहीं. नाण्यांच्या बाबतींत मात्र ही दक्षता अलीकडे शिथिल झाली आहे. नाणीं मिळण्याचा मार्ग पालटला हें त्याचें कारण. पूर्वीं सराफाच्या पेढीवर नाणें हातांत घेऊन, कसोटीवर घांसून, कानाशीं वाजवून घेत. आतां तें मोबाईलच्या पडद्यावर दिसतें, पैसे बसल्या जागेवरून जातात, आणि नाणें कांहीं दिवसांनीं टपालानें येतें. घेणाऱ्याचे पैसे बुडतात एवढीच हानि असती तर येथें तिचा विचार करण्याचें कारण नव्हतें. पण असलें नाणें पुढें एखाद्या संग्रहाच्या यादींत शिरतें, यादीवरून लेखांत येतें, आणि जेथें टांकसाळ कधीं नव्हती तेथें ती होती असें पुढील लेखक लिहूं लागतात.

सोनें चोख निघालें म्हणजे नाणें खरें ठरलें, ही समजूत प्रथम टाकून द्यावी. मुलामा दिलेलीं हलक्या धातूचीं नाणीं नवख्यास फसवितात. जाणत्यास फसविणारें नाणें बहुधा चोख सोन्याचेंच असतें. शिवछत्रपतींच्या होनाचें वजन सुमारें पावणेतीन ग्रॅम. अस्सल होनास संग्राहक जी किंमत देतात तिच्यापुढें एवढ्या सोन्याचें मोल किरकोळ आहे. तेव्हां खोटा होन करणारा सोन्यांत काटकसर कशास करील? सराफाकडील क्ष-किरणांचें यंत्र कस सांगतें, आणि तोही नाण्याच्या अगदीं वरच्या थराचा. तें सोनें १६७४ नंतर लौकरच टांकसाळींत गेलें कीं गेल्या वर्षीं कोणाच्या कारखान्यांत, हें त्या यंत्रास कळत नाहीं.

महाराष्ट्रांत मागणी होनालाच सर्वांत अधिक, म्हणून तोच आधीं घेऊं. अस्सल होनाच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' हीं अक्षरें ओळी पाडून घातलेलीं असतात, आणि भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ असतें. त्यावर सन नाहीं, शक नाहीं, टांकसाळीचें नांव नाहीं, आणि मुखमुद्रा तर नाहींच. म्हणून ज्या 'होना'वर महाराजांचें चित्र किंवा १६७४ हा आंकडा आहे तो अर्वाचीन होय, मग विक्रेता त्यास वडिलोपार्जित म्हणो कीं गडावर सांपडलेला म्हणो. राज्याभिषेकाच्या स्मरणार्थ केलेल्या प्रतिकृति सोन्यांत, चांदींत व पितळेवर मुलामा देऊन उघडपणें विकल्या जातात. त्यांत गैर कांहीं नाहीं. गैर घडतें तें दुसऱ्या विक्रीच्या वेळीं, जेव्हां वर्णनांतून 'प्रतिकृति' हा शब्द गळून पडतो.

ज्या नकलांवर असा ढोबळ दोष नाहीं त्या ओळखणें कठीण असतें. जुना ठसा हातानें कोरलेला असे. त्यामुळें ठिपके लहान-मोठे व अक्षरांच्या काना-मात्रा किंचित् असमान असतात. घण मारतांना चकती ठशाखालीं नेमकी मध्यावर येईच असें नसे. म्हणून वर्तुळाचा एखादा भाग कडेबाहेर गेलेला व एखादें अक्षर तुटलेलें दिसतें. यंत्रावर काढलेल्या नकलेंत सगळें मध्यावर, सगळें पूर्ण व सगळें सारखें असतें. असें दिसल्यास प्रसिद्ध झालेल्या अस्सल होनांच्या छायाचित्रांशीं एकेक अक्षर ताडून पाहावें. त्यांतही 'श्री' व 'छत्र' हीं जोडाक्षरें विशेष पाहावीं, कारण तेथें नकल करणाऱ्याचा हात आजच्या छापील वळणाकडे झुकतो. अशाच अक्षरांची तांब्याची शिवराई पेशवाईच्या अखेरीपर्यंत पाडली जात होती. बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक शिवराया शिवकालीन नसून पुढच्या आहेत. तिला सोनेरी रंग देऊन 'होन' म्हटल्यास वजनच सांगतें, कारण ती होनाहून पुष्कळ जड असते.

ओतीव नाणें छायाचित्रांतूनही पुष्कळदां ओळखतां येतें. नाणें पाडतांना धातु ठशाखालीं दाबला जातो, त्यामुळें अक्षरांच्या कडा स्पष्ट उठतात व भोंवतालची भूमि ताणल्यासारखी नितळ दिसते. सांच्यांत ओतलेल्या नाण्याचीं अक्षरें मेणासारखीं मऊ असतात, भूमीवर सुईच्या टोंकाएवढे खळगे असतात, आणि कडेवर सांच्याच्या दोन भागांचा सांधा कानशीनें घांसल्याच्या खुणा राहतात. कडेचें छायाचित्र विक्रेते सहसा देत नाहींत. तें मागावें, आणि न दिल्यास व्यवहार तेथेंच थांबवावा. याहून निर्णायक प्रमाण जखमांचें आहे. हातोहात फिरलेल्या नाण्यावरील ओरखडा, टोंचा किंवा सराफानें केलेली खूण ही त्या एका नाण्याचीच असते. दोन निरनिराळ्या विक्रेत्यांच्या नाण्यांवर तीच जखम त्याच जागीं दिसली, तर त्यांतील निदान एक नाणें सांच्यांतून निघालें, आणि बहुधा दोन्हीं. ऑनलाइन बाजारानें फसवणूक वाढविली तशी ही तुलनाही सुलभ केली आहे. लिलांवांच्या जुन्या याद्या छायाचित्रांसह पाहतां येतात, आणि एक चित्र देऊन तें आणखी कोठें आलें आहे हेंही शोधतां येतें. कित्येकदां यावरून असें उघड होतें कीं विक्रेत्याजवळ नाणें मुळींच नसून दुसऱ्याच्या यादींतील चित्र तेवढें आहे. यासाठीं आपलें नांव व त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारीं ठेवून वजनकांट्यावर काढलेलें नवें छायाचित्र मागावें.

मोगली मोहोरा स्वतःविषयीं होनाहून अधिक बोलतात, म्हणून त्यांची परीक्षा अधिक निश्चित होते. औरंगजेबाच्या नाण्यांवरील फारसी पद्यांत सामान्यतः मोहोरेवर 'मिहर' म्हणजे सूर्य, व रुपयावर 'बद्र' म्हणजे पूर्णचंद्र, असा शब्द येतो. सोन्यास सूर्य व चांदीस चंद्र ही कल्पना सुंदर खरीच, पण परीक्षकास ती उपयोगीही आहे. रुपयावरून सांचा काढून ओतलेली किंवा रुपयासच मुलामा देऊन बनविलेली 'मोहोर' या एका शब्दावरून पकडली जाते. तीच गोष्ट सनांची. या नाण्यांवर हिजरी सन व राज्यारोहणापासूनचें जुलूस वर्ष असे दोन आंकडे असतात. औरंगजेबाच्या बाबतींत हिजरी सनांतून १०६८ वजा करून जो आंकडा उरतो तोच, किंवा त्याहून एकानें अधिक, जुलूस यावयास पाहिजे; हिजरी ११०० असेल तर जुलूस ३२ किंवा ३३. टांकसाळींतही क्वचित् जुना ठसा नव्याबरोबर वापरला जाई, म्हणून विसंगति दिसतांच नाणें खोटें ठरवूं नये. पण तोंवर पैसेही देऊं नयेत. टांकसाळीचें नांव इतिहासाशीं ताडावें. विजापूर औरंगजेबानें १६८६ मध्यें म्हणजे हिजरी १०९७ सालीं घेतलें व त्याच्या तेथील नाण्यांवर 'दारुज्जफर' ही पदवी आली. त्यापूर्वींच्या सनाची औरंगजेबाची 'दारुज्जफर विजापूर' मोहोर म्हणजे, किल्ला घेण्याआधीं त्यांतील टांकसाळ चालविण्यासारखें आहे.

कंपनीच्या मोहोरेंत केवळ वजनावर विसंबणारा हटकून फसतो. १८३५ च्या सुधारणेनंतर कंपनीचा रुपया व मोहोर या दोहोंचें वजन एकच, १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, अर्थात् एक तोळा ठरलें. म्हणून मुलामा दिलेला रुपया कांट्यावर मोहोरेइतकाच भरतो. भेद दिसतो तो आकारांत. चांदी सोन्याहून हलकी, म्हणून तेवढ्याच वजनाचा रुपया सुमारें ३० मिलिमीटर रुंद असतो व मोहोर सुमारें २६. शिवाय व्हिक्टोरिया राणीच्या १८४१ च्या मोहोरेवर मागें सिंह व ताडाचें झाड आहे. रुपयावर पानांच्या वेष्टनांत किंमत आहे. 'रामदरबार' असलेलीं, १६१६, १७१७ किंवा १८१८ असे सन घातलेलीं 'कंपनीचीं नाणीं' कंपनीनें कधीं पाडलीं नाहींत. तीं तांदूळ ओढून घेतात असें सांगून लाखों रुपये मागणाऱ्यांविषयीं अधिक लिहिणें नको. याहून सूक्ष्म प्रकार पुनर्मुद्रित मोहोरांचा. सरकारी टांकसाळींनींच संग्राहकांसाठीं पुढें त्याच सनाच्या मोहोरा पुन्हां पाडल्या. त्यांस कूट म्हणतां येत नाहीं, पण त्यांचा सन खरा नव्हे, आणि तसें न सांगतां विकणें हें वर्णनाचें असत्य होय.

नाणें हातीं आल्यावर पाण्यांतील वजनाचा प्रयोग करावा. म्हणूनच ठराविक दिवसांत परत करण्याची अट पैसे देण्यापूर्वींच लेखी घेणें अवश्य आहे. नाणें प्रथम हवेंत तोलावें, मग बारीक दोऱ्यानें पाण्यांत लोंबतें ठेवून तोलावें. बावीस कॅरटची मोहोर पाण्यांत सुमारें ०.६६ ग्रॅमनें हलकी भरते. चांदीचा रुपया सुमारें १.१३ ग्रॅमनें. हा फरक साध्या कांट्यावरही स्पष्ट दिसतो. होनाचें तसें नाहीं. त्याची घट अवघी ०.१५ ग्रॅमच्या आसपास, तेव्हां मिलिग्रॅम दाखविणारा कांटा नसेल तर तो प्रयोग न केलेलाच बरा. टंगस्टन हा धातु चोख सोन्याइतकाच घन आहे, हेंही ध्यानांत असावें. त्याचा गाभा व वर सोन्याचें कवच असा प्रकार या परीक्षेंतून निसटतो.

सीलबंद प्लॅस्टिकच्या पेटींत प्रमाणपत्रासह मिळणाऱ्या नाण्यांवर पुष्कळांचा विश्वास असतो. तो निराधार नाहीं, परंतु पेट्याही खोट्या होतात. पेटीवरील क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नोंदींत मिळतो एवढ्यानें भागत नाहीं, कारण खरा क्रमांकही खोट्या पेटीवर उतरतां येतो. नोंदींत छायाचित्र असेल तर त्यांतील नाणें व हातांतील नाणें एकच आहे कीं नाहीं हें पाहावें.

पुतळीचा प्रश्न निराळा आहे. पुतळ्यांच्या माळेंतील मूळ नाणें म्हणजे व्हेनिसचें ड्युकॅट. तें १२८४ पासून १७९७ मध्यें तें गणराज्य बुडेपर्यंत जवळजवळ एकाच छापानें चाललें. एका बाजूस संत मार्कापुढें गुडघे टेकलेला डोज व दोघांमध्यें ध्वजदंड. दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळांत ताऱ्यांमध्यें उभा ख्रिस्त. वजन साडेतीन ग्रॅम, सोनें जवळजवळ शुद्ध. व्यापाराबरोबर तें हिंदुस्थानांत आलें व विश्वासास पात्र झालें. मग येथील सोनारांनीं त्याच छापाच्या पुतळ्या केल्या. त्यांवरील लॅटिन अक्षरें हळूहळू निव्वळ रेघा होत गेलीं आणि मूर्ति खेळण्यांतील बाहुल्यांसारख्या झाल्या. यांस खोटीं नाणीं म्हणणें अन्यायाचें होईल. तीं दागिन्यासाठीं, बहुधा चांगल्या सोन्यांत, उघडपणें केलेलीं आहेत, व आपल्याकडील सोनारकामाच्या इतिहासास तीं साधनभूतही आहेत. फसवणूक होते ती त्यांना 'व्हेनिसचें जुनें नाणें' म्हणून विकण्यांत. डोजचें नांव वाचतां येत नसेल तर तें ड्युकॅट नव्हे, असें धरून चालावें. कडी तोडून डाग घांसलेला असल्यास तीही खूण वर्णनांत आली पाहिजे.

'शेत नांगरतांना हंडा सांपडला' ही विक्रेत्यांची आवडती कथा. ती खोटी असेल तर नाणें संशयित, आणि खरी असेल तर व्यवहार बेकायदेशीर. १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें पुरावस्तूंत मोडतें. तें परवान्यावांचून देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. तेव्हां परदेशांतील मराठी संग्राहकास येथून टपालानें जुना होन देऊं करणारा विक्रेता एक तर नाण्याविषयीं खोटें बोलतो किंवा कायदा मोडतो. बिलावर 'जुनें सोन्याचें नाणें' एवढेंच लिहून घेऊं नये. राजा, टांकसाळ, सन, धातु, ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन, पूर्वींचा मालक, आणि अस्सल न ठरल्यास रक्कम परत करण्याचें वचन, हीं सर्व त्यांत असावींत. नाणें पुढें एखाद्या संग्रहाच्या यादींत गेल्यास त्या बिलाची नक्कलही त्याबरोबर ठेवावी.