पंचावन्न सीसीचं विमान

१९७२ साली लूना बाजारात आली तेव्हा तिचं इंजिन होतं ५० सीसीचं. तेवढ्या इंजिनावर नवरा-बायको, मध्ये दाटीवाटीने बसवलेलं मूल आणि हँडलला लटकवलेली भाजीची पिशवी असा संसार बाजाराला जाऊन यायचा. साधारण तेवढ्याच क्षमतेचं, ५५ सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन रिमोटवर उडणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानाच्या नाकावर बसतं. इंजिनाचं वजन दीड किलोच्या आतबाहेर, ताकद पाच अश्वशक्तीच्या वर. पुढे २२ किंवा २३ इंची प्रॉपेलर. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वादोन मीटर, लांबी जवळपास तेवढीच, सगळं मिळून वजन साडेसात ते आठ किलो. हवेत ते ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहज गाठतं.

याला खेळणं म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. आठ किलोची वस्तू त्या वेगाने माणसांच्या जवळपास फिरणार असेल, तर तिच्या प्रत्येक बोल्टची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. मॉडेल विमानात ती जोडणाऱ्याची असते. दुसरा इन्स्पेक्टर नसतो, लाइनवरचं पुढचं स्टेशन नसतं.

म्हणूनच या यंत्राचा परिचय पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकाला करून द्यावासा वाटतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. या साऱ्या काळात भोसरीच्या गाळ्यांमध्ये लेथ आणि मिलिंग मशिनं तीन-तीन शिफ्ट चालत राहिली. फिटिंग, अलाइनमेंट, टॉर्क, टॉलरन्स हे शब्द इथे घराघरांत जेवताना बोलले जातात. मोठं मॉडेल विमान जोडायला लागणारं निम्मं ज्ञान इथल्या माणसाच्या हातात आधीच असतं. उरलेलं निम्मं हवेचं आहे, तेवढं शिकावं लागतं.

मोठ्या मॉडेलमध्ये पेट्रोल आलं ते लाकूड कापायच्या करवतींमधून. लहान मॉडेलची इंजिनं मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल किंवा सिंथेटिक तेलाच्या मिश्रणावर चालतात. ते इंधन महाग, आणि उड्डाणानंतर सगळं विमान तेलकट करून ठेवणारं. मोठ्या आकाराला ते परवडेना, तेव्हा हौशी लोकांनी चेनसॉची इंजिनं काढून विमानांवर बसवायला सुरुवात केली. जपानच्या झेनोआ कंपनीची इंजिनं या वाटेने फार लोकप्रिय झाली. पुढे खास विमानांसाठीच पेट्रोल इंजिनं निघू लागली, पण चेनसॉचा एक अवयव त्यांच्यात अजून तसाच आहे: डायफ्रॅमचा कार्ब्युरेटर. करवत आडवी, उभी, उलटी कशीही धरावी लागते, त्यामुळे तिच्यात स्कूटरसारखा फ्लोटचा कार्ब्युरेटर चालत नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर एक पातळ पडदा हलतो आणि तोच पेट्रोल ओढून घेतो. विमान उलटं उडालं तरी इंजिन बंद पडत नाही ते या पडद्यामुळे.

याचा जोडणीवर थेट परिणाम होतो. इंजिन स्वतःच पेट्रोल खेचून घेत असल्याने टाकी त्याला चिकटून ठेवावी लागत नाही. ती मागे, विमानाच्या तोलबिंदूच्या बरोबर वर किंवा खाली बसवता येते. मग टाकी भरलेली असो वा रिकामी, विमानाचा तोल ढळत नाही. टाकीला सहसा तीन नळ्या: एक कार्ब्युरेटरकडे, एक भरण्यासाठी, एक हवा येण्यासाठी. हवेची नळी टाकीच्या वरून वळसा देऊन पोटाखाली काढायची, नाहीतर विमान नाक खाली करून उभं केलं की पेट्रोल गळत राहतं. नळी पेट्रोलला टिकणारी हवी. साधी सिलिकॉनची नळी काही दिवसांत फुगते आणि सैल होते.

स्कूटरच्या जमान्यात पेट्रोल पंपावर टू-टी तेल घालून घेतलेली पिढी इथे अजून आहे, तिला मिश्रणाचं गणित समजवावं लागणार नाही. नव्या इंजिनाला सुरुवातीला तीसास एक, म्हणजे लिटरला सुमारे ३३ मिलिलिटर तेल. इंजिन मोकळं झाल्यावर उत्पादकाने सांगितलं असेल तर चाळीसास एक. आजची नवी अडचण इथेनॉलची आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि टाकीत पडून राहिलं तर कार्ब्युरेटरचा पडदा कडक करतं. म्हणून दिवसाचं उडवणं संपलं की टाकी पूर्ण रिकामी करायची आणि नळीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. या एका सवयीने इंजिनाचं आयुष्य वाढतं.

बहुतेक मोठी विमानं आता जवळपास तयार अवस्थेत खोक्यातून येतात. बाल्सा आणि प्लायवूडचा सांगाडा, त्यावर इस्त्रीने चिकटवलेली रंगीत फिल्म, इंजिनावरचं फायबरग्लासचं आवरण म्हणजे काऊल, पंख जोडणारी कार्बन किंवा ॲल्युमिनियमची नळी, अंडरकॅरेज आणि स्क्रूंच्या पिशव्या. आराखड्यावरून एकेक बरगडी कापून विमान बनवणारे जुने लोक याला बनवणं मानत नाहीत. मला ते पटत नाही. चाकणच्या लाइनवर कोणी गाडीचा पत्रा लाटत नाही, तरी तिथून बाहेर पडणारी गाडी कशी चालणार हे जोडणीच ठरवते. खोक्यातल्या विमानाचंही तसंच आहे. इंजिन ज्या फळीवर बसतं त्या फायरवॉलचा कारखान्यात चिकटवलेला सांधा कोरडा राहिलेला असू शकतो. तो बॅटरी लावून तपासायचा, शंका आली की इपॉक्सी फिरवायचं. पावसाळ्याच्या ओलीने फिल्मला सुरकुत्या पडतात, त्या बेताच्या गरम इस्त्रीने ओढून घ्यायच्या.

पहिलं खरं काम बिजागऱ्यांचं. पंखाच्या मागच्या कडेला हलणारे एलेरॉन, शेपटीचा एलिव्हेटर, रडर, हे सगळे छोट्या बिजागऱ्यांवर लटकलेले असतात. प्रत्येक बिजागरीच्या सांध्यावर आधी व्हॅसलीनचा ठिपका द्यायचा, मग दोन्ही टोकांना हळू सुकणारं, तीस मिनिटांचं इपॉक्सी. सांधा अडकू नये म्हणून व्हॅसलीन, आणि सरळ रेषेत बसवायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून हळू सुकणारं इपॉक्सी. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

मग सर्व्हो, म्हणजे हे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी. या आकाराला मेटल गिअरचे डिजिटल सर्व्हो लागतात, १५ ते २५ किलो-सेंटिमीटर ताकदीचे. सर्व्होचा हात आणि हलत्या भागावरचा हॉर्न यांना जोडणारा रॉड, दोन्ही टोकांना बॉल लिंक. हॉर्नचं भोक बरोबर बिजागरीच्या रेषेवर यायला हवं, आणि मधल्या स्थितीत सर्व्होचा हात रॉडशी काटकोनात. एवढं केलं की वरची आणि खालची हालचाल सारखी येते. रडर लांब असल्याने त्याला बऱ्याचदा दोन बाजूंनी तारा ओढतात.

या साखळीत कुठेही थोडी जरी ढिलाई राहिली तर जे घडतं त्याचं नाव फ्लटर. वेग वाढला की हलता भाग स्वतःच थरथरू लागतो, थरथर वेगाने वाढत जाते, आणि काही क्षणांत बिजागरी किंवा सर्व्होचे दाते तुटून विमान हातचं जातं. मोठ्या मॉडेलचे बरेच अपघात वाऱ्यावर ढकलले जातात, आणि मूळ मात्र या अर्ध्या मिलिमीटरच्या ढिलाईत असतं. हात लावून बघितलं तर ती कळते. म्हणून प्रत्येक हलता भाग दोन बोटांत धरून हलवून बघायचा, आणि हे काम दर उड्डाणाआधी करायचं.

इंजिन बसवताना चार बोल्ट, चार स्टँडऑफ आणि फायरवॉलवर काढलेल्या मध्यरेषा. एक सिलिंडर असल्याने थरथराट मोठा. धातूवर धातू जिथे जिथे बसतो तिथे थ्रेडलॉकर लावल्याशिवाय बोल्ट आवळायचा नाही. इंजिनाचं नाक किंचित उजवीकडे वळवलेलं असतं, कारण प्रॉपेलरच्या फिरण्यामुळे विमान पूर्ण ताकदीवर डावीकडे ओढलं जातं. काऊलमध्ये हवा शिरायची वाट बहुतेकांना सुचते, बाहेर पडायची सुचत नाही. गरम हवा फुगते, त्यामुळे मागचं भोक पुढच्यापेक्षा मोठं लागतं. उन्हाळ्याच्या दुपारी हे चुकलं की इंजिन जाम होतं.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर काम केलेल्यांना दोन सवयी असतात, त्या इथे सोन्यासारख्या उपयोगी पडतात. बोल्ट टॉर्क केला की त्यावरून खालच्या पृष्ठभागापर्यंत रंगाची एक रेघ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, हे लांबूनच समजतं. दुसरी पोका-योके, चूक करताच येऊ नये अशी मांडणी. मैदानावर पंख जोडताना डाव्या आणि उजव्या एलेरॉनच्या वायरी उलटसुलट लागणं ही नेहमीची चूक, आणि ती पहिल्याच गिरकीत विमान जमिनीवर आपटते. दोन बाजूंना वेगवेगळ्या प्रकारचे कनेक्टर लावले की ती चूक शक्यच राहत नाही.

विजेची कामं दोन वेगळ्या घरांत ठेवायची. इग्निशनची बॅटरी आणि प्लगची वायर पुढे इंजिनाजवळ, रिसीव्हर आणि त्याच्या दोन स्वतंत्र बॅटऱ्या मागे. एक बॅटरी बसली तरी दुसरी विमान खाली आणते. इग्निशन रिमोटवरून बंद करता यायलाच हवं, आणि संपर्क तुटला तर थ्रॉटल आपोआप बंद झाला पाहिजे. हे फेलसेफ कागदावर मानायचं नाही. विमान बांधून ठेवून, ट्रान्समीटर बंद करून, डोळ्यांनी पाहायचं.

शेवटी तोल. तोलबिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या सरासरी रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर येतो, नेमकी जागा उत्पादक सांगतो. दोघांनी पंखांखाली बोटं लावून विमान उचलायचं, नाक किंचित झुकलं तर ठीक. कमीजास्त असेल तर आधी बॅटऱ्या पुढे-मागे करायच्या, शिसं सगळ्यात शेवटी. शेपूट जड असलेलं विमान सावरणं मुरलेल्या पायलटलाही कठीण जातं.

प्रॉपेलरबद्दल एकच हिशेब पुरे. २३ इंची प्रॉपेलर मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचं टोक ताशी सुमारे पावणेआठशे किलोमीटर वेगाने धावतं. इंजिन सुरू करताना विमान बांधलेलं, मदतनीस शेपटीमागे, आणि फिरत्या प्रॉपेलरच्या पातळीत किंवा पुढे कोणीही नाही. सुई फिरवून कार्ब्युरेटर जुळवायचा तोही मागे उभं राहूनच.

रेडिओवर विमान उडवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आठ फूट पंखांचं 'बिग गफ' रेडिओवर उडवलं. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल यांच्या चमूने न्यूफाउंडलंडहून सोडलेलं 'टॅम-५' नावाचं मॉडेल अटलांटिक ओलांडून आयर्लंडला उतरलं. इंधनासह वजन पाच किलोच्या आत, इंजिन १० सीसीचं, अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त, वेळ ३८ तास ५२ मिनिटं. हिल यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती, लाकूड ते हातांनी चाचपून कापत. त्या विमानात जादू काही नव्हती. प्रत्येक सांधा, प्रत्येक ग्रॅम आणि कार्ब्युरेटरचा प्रत्येक थेंब कोणीतरी मोजलेला होता.

आपल्याकडे या छंदाची गोडी अनेकांना एनसीसीच्या हवाई विभागात लागते, तिथल्या अभ्यासक्रमात एरोमॉडेलिंग आहे. निगडीच्या पीसीसीओईसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं वजन उचलणारी रिमोट विमानं घेऊन स्पर्धांत उतरतात. पण सरळ ५५ सीसीपासून सुरुवात करायची नसते. आधी फोमचं लहान विजेवरचं विमान, मग मध्यम, मग हे. आणि पहिलं उड्डाण अनुभवी हातात द्यायचं, त्यात कमीपणा नाही.

कायदाही स्पष्ट आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठीच्या मॉडेलची स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. आकाश मात्र मोकळं नाही. विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते, आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर. लोहगावचा हवाई दलाचा तळ भोसरी-दिघीपासून फार दूर नाही, दिघी आणि देहूरोडला संरक्षण खात्याच्या संस्था आहेत. नकाशा न पाहता या भागात काहीही उडवणं म्हणजे स्वतःला आणि इतरांनाही अडचणीत आणणं. मोकळी माळरानंही आता गोदामांखाली आणि प्लॉटिंगखाली गेली. त्यामुळे ज्याने महिनाभर खपून विमान जोडलं, त्याला ते उडवायला रीतसर जागा शोधत फिरावं लागतं.

ज्या पट्ट्यात मुलांना इंजिन समजून घ्यायला दुसरीकडे जावं लागत नाही, तिथे एक मैदान असायला हवं. मागणी मोठी नाही: हवाई नकाशात बसणाऱ्या जागी, वस्ती आणि विजेच्या तारांपासून दूर, दीडशे मीटर लांब सपाट पट्टी, प्रेक्षकांसाठी जाळी, अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी. एमआयडीसी, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकत्र बसून चाकण-तळेगाव बाजूला अशी जागा ठरवावी, आणि तिथे पहिला हक्क आयटीआयच्या मुलांना द्यावा.