खिशात हलकं, हातात जड

पाटोद्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. 'परवाना मिळाला तर खिशात मावेल असं, वजनाला सगळ्यात हलकं पिस्तूल घ्यावं म्हणतो. लहान पिस्तूल चालवायला सोपं असतं ना?' डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातले बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले. पुढे छाननी होऊन कित्येक रद्दही झाले. परवाना कोणाला द्यायचा ते प्रशासन बघेल. 'लहान म्हणजे सोपं' हा समज मात्र भौतिकशास्त्राच्या हद्दीतला आहे, म्हणून त्याची उलटतपासणी इथेच करू.

जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर आणलं. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावणारं, खास महिलांसाठी, अशी त्याची जाहिरात झाली. किंमत सव्वा लाखाच्या आसपास! जाहिरातीत वजन होतं. न्यूटनचा तिसरा नियम नव्हता.

ढोबळ हिशेब करू. गोळी सहा ग्रॅमची, वेग सेकंदाला दोनशे मीटर. सहा गुणिले दोनशे, बाराशे; हा गोळीचा संवेग. तेवढाच संवेग उलट दिशेने शस्त्राला मिळतो. शस्त्र एक किलोचं असेल तर ते सेकंदाला 1.2 मीटर वेगाने मागे येतं, अर्ध्या किलोचं असेल तर 2.4 मीटर वेगाने. वजन निम्मं झालं की मागे येणारी ऊर्जा दुप्पट होते, आणि ती सोसायची मनगटाने. खिशाचं ओझं कमी झालं, ते हाताच्या खात्यावर चढलं.

नळीचंही तसंच. लहानपणी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून त्यातून ज्वारीचे दाणे फुंकले असतील, तर हे सांगायला नको. लांब देठातून दाणा दूर जातो. देठ बोटभर केला की दाणा पुढ्यात पडतो, कारण फुंकेला त्याला ढकलायला वावच मिळत नाही. आखूड नळीतही गोळी बाहेर पडते तेव्हा वायूचा जोर शिल्लक असतो. तो भडका आणि आवाज होऊन वाया जातो. नेम धरायच्या दोन खुणांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर असेल आणि एक मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर चुकते. खुणांमधलं अंतर दुप्पट असतं तर चूक निम्म्यावर आली असती.

हे सगळं मोजायची वाट ज्याने दाखवली, तो बेंजामिन रॉबिन्स आमचा लाडका. शस्त्र धरणं पाप मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या घरात जन्मला आणि तोफांचा शास्त्रज्ञ झाला! गोळीचा वेग मोजायला घड्याळ नव्हतं, तेव्हा त्याने लाकडी फळी लावलेला जड लंबक टांगला. त्यात गोळी झाडायची, लंबक किती मागे गेला ते फितीवर मोजायचं, त्यावरून वेग काढायचा. 1742 साली त्याचं पुस्तक आलं, आणि थोर गणिती ऑयलरने ते जर्मनमध्ये नेलं. बंदूकच लंबकाला बांधून तिचा झटकाही त्याने मोजला. लंबकाचं गणित आपली मुलं आजही सोडवतात; रॉबिन्सचं नाव क्वचितच निघतं. ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले सुधारायला तो इकडे आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने गेला.

त्याचा मोठा शोध हवेविषयी होता. हवा म्हणजे जणू काहीच नाही, असं धरून तोफांचे हिशेब चालत. त्याने दाखवलं, की वेगवान गोळीला हवेचा अडथळा तिच्या वजनाच्या शंभरपटीच्या घरात जातो. सौताड्याच्या धबधब्याचे तुषार दरीत तरंगत उतरतात, ते याच अडथळ्यामुळे.

म्हणून वरातीत हवेत झाडलेली गोळी निघाली त्या वेगाने परतत नाही. पण निवांत होण्याचं कारण नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकी लष्कराने फ्लोरिडात पाण्यातल्या मचाणावरून सरळ वर पाचशेहून अधिक गोळ्या झाडल्या. मचाणावर परत पडल्या फक्त चार. बंदुकीची अशी गोळी सेकंदाला नव्वदेक मीटर वेगाने उतरते, आणि तिरपी झाडली तर याहूनही वेगात. डोकं फुटायला एवढं पुरतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर असल्या आनंदाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

तेव्हा पाटोदेकर, उत्तर 'नाही' असं आहे. लहान पिस्तूल बाळगायला सोपं, चालवायला अवघड. प्रयोगाची फारच हौस असेल तर पपईचा देठ घ्या. चुकलेले दाणे निदान पाखरं तरी वेचतील.