गव्याचा फोटो : किती जवळून?

कच्छच्या छोट्या रणातला घुडखर, म्हणजे रानगाढव, उघड्या सपाट जमिनीवर राहतो. तो लांबूनही नजरेत भरतो. आपल्या कोल्हापूरचा गवा झाडीतला. त्यामुळे फोटो काढणारा जवळ जायला बघतो आणि तिथेच चुकतो.

इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला ‘बायसन’ म्हटले. कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान १९५८ साली अभयारण्य झाले, तेही ‘दाजीपूर बायसन अभयारण्य’ या नावाने. प्रत्यक्षात गवा अमेरिकेतल्या बायसनपेक्षा आपल्या गाईला जवळचा. १९८५ साली विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. घनदाट झाडी आणि मधूनमधून उघडे जांभ्याचे सडे, हे या रानाचे रूप. सकाळी लवकर आणि दिवस कलताना कळप सावराईसारख्या सड्यांच्या कडेला चरतो, दुपारी सावलीत रवंथ करतो. म्हणजे फोटोची वेळ नेमकी कमी उजेडाची.

त्यात जनावर काळे. कॅमेरा समोरचे सगळे दृश्य मध्यम उजेडाचे धरून चालतो. चौकट गव्यानेच भरली, तर तो जादा उजेड घेतो आणि काळी कांती राखाडी उतरते. तेव्हा एक्स्पोजर थोडे कमी करावे. मागे उन्हातला सडा असेल, तर गव्याचा नुसता काळा ठोकळा होतो. तेव्हा ते थोडे वाढवावे. मात्र पायांतले पांढरे मोजे जळाले नाहीत ना, हे पाहावे.

उजेडाचे गणित चार दिवसांत जमते. जनावर वाचायला वर्षे लागतात. गव्याचे नाक फार तिखट. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर आपण दिसण्याआधीच त्याला कळलेले असते. चरणे थांबवून कळपाने टक लावली, कोणी नाकातून फुसकारले, की आपण फार जवळ आलो असे समजावे. मोठा नर कधी पूर्ण आडवा उभा राहतो, पाठीचा उंचवटा दाखवतो आणि सावकाश पावले टाकतो. नवख्याला वाटते, गडी फोटोसाठीच उभा आहे. खरे तर ती ताकीद असते : माझे अंग बघ आणि मागे हो. हजार किलोपर्यंत भरणाऱ्या जनावराची ताकीद लगेच ऐकावी. माझ्याकडेही असे काही जुने फोटो आहेत. पूर्वी ते मी कौतुकाने दाखवत असे. आता माझी चूक म्हणून दाखवतो.

रानात गव्याला मागे सरायला जागा असते, गावात ती नसते. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडमध्ये एक गवा शिरला. मोबाईल घेऊन गर्दी मागे लागली. गवा गल्ल्यांतून, भिंतींवर आपटत काही तास धावत राहिला. शेवटी बेशुद्ध करून पकडला, पण वाचला नाही. भेदरून सतत धावणाऱ्या जनावराच्या अंगातली उष्णता बेसुमार वाढते, स्नायूंची हानी होते. पकडल्यावरही ते दगावू शकते. त्याच महिन्यात बावधन भागात दुसरा गवा दिसला. त्या वेळी वनविभागाने लोकांना लांब ठेवले आणि गवा आपल्या वाटेने रानात परतला. दोन्ही वेळी जनावर तेच आणि शहरही तेच. फरक गर्दीचा होता.

आपल्या जिल्ह्यातही गवे उसाच्या फडात येतात. तेव्हा फोटोसाठी धावू नये, त्याची परतीची वाट अडवू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. फोटो हवाच असेल, तर अभयारण्य खुले असताना दाजीपूरला जावे, गाडीतून उतरू नये आणि लांबची लेन्स वापरावी. त्यात गवा लहान येईल, पण त्याच्याभोवतीचा सडा, गवत आणि झाडीही येईल. असा फोटो पाहणाऱ्याला गवा कुठे आणि कसा राहतो हे कळते.