नाव आहे, किंमत नाही

शेकडो सर्व्हर एकेक करून हाताने लावायचे दिवस केव्हाच मागे पडले. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात सीएफइंजिन लिहिलं, २००५ मध्ये पपेट आलं, २०१२ मध्ये अँसिबल. सर्व्हरवर काय काय असावं हे फाइलीत लिहून ठेवायचं, पुढचं ही साधनं पाहतात. जागोजाग बदलणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, फोल्डरचं नाव यांसाठी, व्हेरिएबल वापरतात. पण फाइलीत नाव आलं आणि त्याला किंमत कुणी दिलीच नसेल, तर?

जुन्या पपेटचं उत्तर धडकी भरवणारं होतं. तिथे असं नाव मजकुरात आलं की त्या जागी काहीच उरत नसे. समजा, बंद झालेल्या दुकानाचं फोल्डर पुसायचं आहे: ‘/डेटा/$दुकान’. टाइप करताना ‘$दुकन’ झालं, की उरतं ‘/डेटा/’. म्हणजे एका दुकानाऐवजी सगळ्यांचाच डेटा पुसला जाणार, आणि पपेटच्या लेखी काम चोख झालेलं! २०२३ मधल्या पपेट ८ पासून असं व्हेरिएबल ही मुळातच चूक धरली जाते. पपेट आधी सर्व्हरसाठी सगळ्या कामांची यादी तयार करतं आणि मगच हात लावतं. त्यामुळे यादी करतानाच चूक सापडली तर नवा बदल एकही होत नाही. हा बदल फार आधी व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

सीएफइंजिन न सापडलेलं नाव डॉलरच्या खुणेसकट मजकुरात तसंच ठेवतं. निदान ते डोळ्यांना खुपतं तरी.

अँसिबल १.३ या आवृत्तीपासून कडक. व्हेरिएबल सापडलं नाही की त्या सर्व्हरवरचं काम थांबतं. मात्र किंमत शोधली जाते ती त्या पायरीवर पोचल्यावर. तिसऱ्या पायरीत सेवा बंद केली आणि चौथीत व्हेरिएबल सापडलं नाही, तर सेवा बंदच राहते. म्हणून लागणारी सगळी व्हेरिएबल ‘असर्ट’ लावून सुरुवातीलाच तपासावीत.

त्याऐवजी बरेच जण प्रत्येक नावापुढे ‘डिफॉल्ट’ हा फिल्टर लावून एरर घालवतात. पोर्टसाठी ते ठीक आहे, कारण नेहमीचा पोर्ट ठरलेला असतो. पण पासवर्डला किंवा डेटाबेसच्या पत्त्याला नेहमीची किंमत कुठून आणणार? शिवाय नावातली टायपिंगची चूकही डिफॉल्टच्या आड लपते: तुम्ही दिलेली किंमत बाजूला पडते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. जिथे किंमत नसली तरी चालेल, तिथे ‘ओमिट’ आहे. त्याने तो पर्यायच पाठवला जात नाही.

आणखी एक खाचखळगा रिकाम्या किमतीचा. व्हेरिएबलला कुणी रिकामा मजकूर दिला, तर अँसिबलच्या मते ते परिभाषितच असतं. एरर येत नाही, नुसता डिफॉल्टही लागू होत नाही. तेव्हा पत्ता किंवा फोल्डरचं नाव तपासताना ते आहे का, एवढंच विचारून भागत नाही. त्याची लांबी शून्याहून जास्त आहे का, हेही त्याच असर्टमध्ये विचारावं लागतं.